बसायला जागा

आपल्या घरातल्या बाईला उंबरठा ओलांडायचा तर काहीतरी काम असावे लागते. दवाखाना, बाजार, मुलांची शाळा, कुणाचे लग्न, कुणाची मय्यत. काम नसताना, नुसते बसायला म्हणून ती बाहेर पडली तर पहिल्या वळणावरच कुणीतरी विचारते, "कुठे चाललात?" आणि या प्रश्नाला "कुठेच नाही" हे उत्तर चालत नाही. पुरुषाला चालते. त्याच्यासाठी चहाचे हॉटेल आहे, पानटपरी आहे, चौकातला कट्टा आहे, नमाजनंतर मशिदीच्या दाराशी अर्धा तास उभे राहणे आहे. हे फक्त आपल्याकडचे आहे असेही नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक काढले. मुंबईसारख्या शहरातही बाई रस्त्यावर उभी असते तेव्हा आपण कामासाठीच आलो आहोत हे तिला सतत दाखवावे लागते, खांद्यावर पिशवी किंवा कानाला फोन लावून, असे त्यांना आढळले. मुंबईची ही गत, तर नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीचे काय सांगावे!

आम्ही म्हणजे एकाच घरात नांदणाऱ्या आणि एकाच शाळेत उर्दू-मराठी शिकवणाऱ्या दोघी जावा. थोरली लातूर जिल्ह्यातल्या औशाकडची, धाकटी नांदेडचीच. हा विषय आमच्या घरात आला तो आमच्या सासूबाईंमुळे, म्हणजे अम्मींमुळे. अब्बा गेले. इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले, पण अम्मी काही बाहेर पडल्या नाहीत. पावणेदोन वर्षे त्या एकाच खोलीत, एकाच पलंगावर. जेवण कमी, झोप कमी, बोलणे तर जवळजवळ बंद. आधी आम्हाला वाटले गम आहे, उतरेल. मग हातपाय दुखतात म्हणून तीन डॉक्टर झाले. चौथ्यांनी मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले. नातेवाइकांत कुजबुज झाली, "अम्मी को क्या पागलपन आया क्या?" ती आम्ही कानांआड केली. त्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि तिच्याखाली दुसरे औषध लिहिले: रोज संध्याकाळी अर्धा तास मोकळ्या हवेत, चार माणसे दिसतील अशा जागी बसणे.

अम्मी म्हणाल्या, "बैठने का कां?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात, घरापासून चालत जाता येईल, एक म्हातारी बाई निवांत बसू शकेल, तिला कुणी उठवणार नाही आणि टक लावून बघणार नाही, अशी जागा आम्हाला पटकन सांगता येईना.

मनाचा आजार म्हटले की आपण घरातल्या भांडणांकडे बघतो, नशिबाकडे बघतो, फार झाले तर गोळीकडे. माणूस ज्या जागेत दिवस काढतो तिच्याकडे कुणी बघत नाही. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा दर शंभर प्रौढांत दहाहून थोडे अधिक जण कोणत्या ना कोणत्या मानसिक त्रासात असल्याचे आढळले. म्हणजे आपल्या गल्लीत दहा घरे सोडून कुणीतरी आहेच. आणि जागेचा मनाशी संबंध असतो ही नुसती कवींची कल्पना नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक जागा निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटातल्या जागा साफ करून तिथे गवत व थोडी झाडे लावली आणि बुटके लाकडी कुंपण घातले. दुसऱ्या गटातला फक्त कचरा उचलला. तिसऱ्याला हातच लावला नाही. २०१८ मध्ये निकाल छापून आला. ज्यांच्या घराजवळची जागा हिरवी झाली त्यांच्यात 'मन उदास आहे' असे सांगण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या जागांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले होते. गरीब वस्त्यांत घट याहून मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी तसा ठळक फरक पडला नाही. तिथे कारंजे नव्हते, पुतळा नव्हता, उद्घाटनाची पाटीही नसावी.

पण मोकळी जागा दिली की मन बरे होते, एवढे सोपे असते तर किल्लारीची माणसे सगळ्यांत सुखी झाली असती.

किल्लारी आमच्या थोरलीच्या तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्यांच्या अंगावर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. थोरली तेव्हा आठवीत होती. त्या पहाटेविषयी ती फार बोलत नाही. नव्या गावांविषयी मात्र बोलते, कारण तिची एक दूरची खाला त्यातल्याच एका गावात राहायला गेली.

जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. जमीन किती यावर घर ठरले: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. भिंती मजबूत, रस्ते रुंद आणि सरळ, घराघरांत अंतर. पुन्हा कुणी ढिगाऱ्याखाली सापडू नये हा हेतू होता आणि तो योग्यच होता. भूकंप पाहिलेल्या माणसाला अरुंद बोळाची भीती वाटते, त्याने स्वतःच रुंद रस्ता मागितला असेल. पण पुढच्या काळात तिथे जाऊन अभ्यास करणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनीही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एकीच्या ओसरीवरून दुसरीला हाक जात होती, दुपारी निवडण-टिपण घेऊन बायका बोळातच बसत. नव्या गावात शहरासारखे चौकोन आखले गेले, शेजार तुटला, नातेवाईक एकीकडे आणि घर दुसरीकडे. दुपारच्या उन्हात तो रुंद रस्ता ओलांडून कोण जाणार? झाडे तर नव्याने लावायची होती. खाला थोरलीला म्हणाली होती, "घर पक्का है बेटा, मगर आवाज देने को कोई नै."

आम्हाला वाटते, या एका वाक्यात नगररचनेचे अर्धे पुस्तक आहे. ज्या बाईने पोरे गमावली होती तिला त्या दिवसांत सगळ्यांत जास्त गरज शेजारणीची होती, आणि नकाशात शेजारणीसाठी रकाना नव्हता. जिथे बायकांना विचारले गेले तिथे काम वेगळे झाले. न पडलेल्या पण तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती हा त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग होता. त्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मार्फत गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले, आणि घर कसे दुरुस्त करायचे याची चर्चा बायकांच्या बैठकीत पोहोचली. भूकंपानंतर कित्येकजणी पहिल्यांदा चावडीसमोर बसून बोलल्या त्या या कामानिमित्त.

जुन्या गावांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. मराठवाड्यातल्या गावात वडा-पिंपळाखाली दगडी पार असतो, तो 'सगळ्यांचा' म्हणतात, पण तिथे बाई कधी बसलेली पाहिली का? तिथे कोणत्या जातीचा माणूस वर बसेल आणि कोणता खाली, हेही ठरलेले असे. बाईचा पार म्हणजे पाणवठा. आडावर, विहिरीवर, नदीच्या दगडांवर कपडे धुताना तिला मैत्रिणी भेटत, रडून घेता येई, सासूची नक्कल करून हसता येई. मग घरात नळ आला. डोक्यावरचा हंडा उतरला, फार चांगले झाले, आणि तो परत चढावा असे म्हणणारा माणूस आम्हाला भेटला तर आम्ही त्याच्याच डोक्यावर हंडा ठेवू. पण हंड्याबरोबर तिची ती बैठकही गेली आणि तिच्या जागी दुसरी कुणी दिली नाही.

अम्मींसाठी आम्ही जागा शोधू लागलो तेव्हा नांदेड आम्हाला नव्याने दिसायला लागले. एका बागेत पोहोचलो तर दाराशी लोखंडी नळ्यांचा वाकडातिकडा अडथळा. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून लावलेला. अम्मी आडव्या होऊन कशाबशा शिरल्या. आमच्या वर्गात चाकाच्या खुर्चीवर येणारा एक मुलगा आहे, तो इथे कसा येणार हे तिथेच मनात आले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता यायला हवी असे स्पष्ट आहे. कायदा बहुधा त्या नळ्यांच्या बाहेरच थांबला. आत हिरवळ होती, तिच्यावर बसायला मनाई होती. बाकांना पाठ नव्हती. बिनपाठीच्या बाकावर सत्तरीची बाई दहा मिनिटे बसू शकते, अर्धा तास नाही. स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो माणूस चहाला गेलेला. साखरेचा आजार असलेल्या बाईला कुलूप दिसले की ती उठतेच. दिवा होता, पण नेमक्या कोपऱ्यातल्या बाकांवर अंधार आणि तिथे टोळकी. आम्ही सव्वा सातला परतलो. उन्हाळ्यात नांदेडचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, इथे बसण्याची वेळच मगरिबनंतर सुरू होते. ज्या बागेचा दिवा लागत नाही ती बाग उन्हाळ्याचे तीन महिने बंदच समजायची.

गोदावरीच्या घाटांवरही गेलो. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षे झाली त्या निमित्ताने शहरात बराच पैसा आला आणि नदीकाठची कामे झाली. पाणी असते तेव्हा संध्याकाळी घाटावर मन खरोखर हलके होते, वाहते पाणी बघत बसण्याला पर्याय नाही. पण पायऱ्या उंच, आणि आम्ही उतरलो तिथे धरायला काही नव्हते. अम्मी वरच्या पायरीवरूनच नदी बघून आल्या.

बसण्याची खरी सोय कुठे सापडली ते सांगितले तर काहींना नवल वाटेल. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरात. तिथे सावली आहे, पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह उघडे असते, रात्रीही उजेड असतो, लंगरमध्ये कोण कुठला हे न विचारता ताट मिळते. डोके सगळेच झाकतात, बाया आणि पुरुषही, त्यामुळे अम्मींचा दुपट्टा तिथे वेगळा दिसत नाही. एका पंजाबी म्हातारीने अम्मींना गुडघ्यांविषयी विचारले आणि दोघी आपापल्या भाषेत पाऊण तास गुडघ्यांवर बोलल्या. पावणेदोन वर्षांतले ते अम्मींचे सगळ्यांत लांब संभाषण. आम्ही त्या जागेकडे मुद्दाम शिक्षकी नजरेने बघितले. तिथे वेगळे काय आहे? फुलझाडे फार नाहीत. आलेल्या माणसाला 'का आलात' असे विचारणारा कुणी नाही, आणि त्याच्या शरीराच्या गरजा आधीच कुणीतरी मोजून ठेवल्या आहेत. पण आमच्या घरापासून रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे पडते. डॉक्टरांनी सांगितलेले औषध रोजचे होते.

लातूरला माहेरी गेलो की गंजगोलाईला चक्कर होतेच. १९१७ ची ती गोल इमारत, मधोमध जगदंबेचे मंदिर, चारी बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, मिरचीपासून सोन्यापर्यंत प्रत्येकाचा वेगळा बाजार. गोलाईची आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने केली हे लातूरच्या मुलांना शाळेत सांगायला हवे. देवीच्या मंदिराभोवती सगळ्या गावाला गोल बसवणारा मुसलमान नकाशेवाला! पण गोलाईत आज बाई किती वेळ टेकू शकते? खरेदी चालू आहे तेवढाच. बांगडीवाल्याच्या स्टुलावर.

झाडांचेही एक सांगायचे आहे. नव्या बागांत हिरवळ आणि शोभेचे ताड लावायची फॅशन आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. ज्या शहराने हे पाहिले तिथे हिरवळीला पाणी पाजणे शोभत नाही. कडुनिंब, करंज, चिंच ही झाडे तो दुष्काळही काढून गेली. त्यांच्या बुंध्याला पाठ टेकता येईल असा ओटा बांधला की बाक आणि छत दोन्ही झाले. ताडाखाली सावली शोधणाऱ्या माणसाला ताडाबरोबर सरकत राहावे लागते.

नागपुरात पारडी भागात 'अनुभूती' नावाचे सर्वसमावेशक उद्यान करण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. नव्वद हजार चौरस फूट, सुमारे बारा कोटी रुपये, स्पर्शाची आणि सुगंधाची बाग. ऐकून आनंद झाला. पण नागपूर आमच्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आहे, आणि बारा कोटींची एक बाग होईपर्यंत बारा गल्ल्यांत एकेक ओटा होऊ शकतो, असे आमचे हिशेबी मास्तरी डोके म्हणते.

जागा शेवटी आम्हाला सापडली ती आमच्या नाकासमोर होती. शाळेचे मैदान. पाच वाजता शाळा सुटते आणि भल्यामोठ्या फाटकाला दुसऱ्या दिवसापर्यंत कुलूप. आत सात कडुनिंब, पाण्याची टाकी, मुलींचे स्वच्छतागृह. हा विचार आमच्या डोक्यात येण्यामागे आठवीच्या मुलीही होत्या. सहावीपर्यंत त्या मधल्या सुट्टीत मैदानावर धावतात, आठवीत भिंतीला टेकून उभ्या राहतात. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात हेच आढळले होते. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून नाहीशा होत, कारण मधले मैदान चेंडू खेळणाऱ्या मुलांनी व्यापलेले असे आणि मुली त्यांच्याशी भांडत नसत, घरी जात. तिथल्या नगरपालिकेने १९९९ मध्ये दोन बागांची रचना बदलली, एका मोठ्या मैदानाचे लहान भाग केले, बसायच्या जागा वाढवल्या, आणि मुली परतल्या. कुणी मुलींना धीट व्हा म्हणून भाषण दिले नाही.

व्यवस्थापनाकडे आम्ही अर्ज दिला: आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी दीड तास, फाटक वस्तीतल्या बायका-मुलींसाठी उघडावे. पहिल्या बैठकीत विचारले गेले, "बायका तिथे येऊन करणार काय?" आम्ही म्हणालो, बसतील. यावर बैठकीत बराच वेळ शांतता होती. कुणी पडले-झडले तर जबाबदार कोण, यावर तीन महिने गेले. काही लोकांचे म्हणणे होते की फक्त बायकांचे असे काही करूच नये, वेगळी भिंत म्हणजे पुन्हा कोंडणेच. हा आक्षेप आम्हाला चुकीचा वाटत नाही. पडदा पद्धतीची बाग आम्हालाही नको आहे. पण जी पावणेदोन वर्षे घराबाहेर पडली नाही तिला पहिल्या दिवशी भर चौकात बसा म्हणणेही काही खरे नाही. वेळ वाटून घेतली तर भिंत लागत नाही, म्हणून आम्ही वेळ मागितली. मंगळवार आणि शनिवार मिळाले.

पहिल्या शनिवारी अकराजणी आल्या, त्यातल्या चौघी नातवंडांना खेळवायच्या निमित्ताने. दोन महिन्यांनी निमित्त आणणे बंद झाले. गल्लीतल्या मराठा आणि बौद्ध घरांतल्या बायकाही येतात, चाकाच्या खुर्चीवरच्या त्या मुलाची आई येते आणि त्यालाही आणते, फाटक रुंद आहे. कुणी भाजी निवडते, कुणी काहीच करत नाही. आठवीच्या मुलींनी रिंगणाचा एक कोपरा बॅडमिंटनसाठी बळकावला आहे. एका सुनेने एके दिवशी हळूच विचारले, रात्र-रात्र झोप लागत नाही, कुणाशी बोलावे? आम्ही तिला सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिला. तो मोफत आहे आणि मराठीत व उर्दूतही बोलता येते हे या मासिकाच्या वाचकांनाही माहीत असावे.

आम्ही सगळ्याजणींना विचारून काय हवे ते लिहून काढले. आम्हाला वाटले झोपाळे आणि फुलझाडे मागतील. त्यांनी मागितले ते असे: स्वच्छतागृहाची किल्ली एका बाईच्या हातात, फाटकापासून कडुनिंबापर्यंत ठेच लागणार नाही अशी वाट, दोन दिवे, आणि पाठ असलेले बाक. कुंपणावर चढून बसणाऱ्या पोरांचा बंदोबस्त हे धाकट्या मुलींनी मागून जोडले. किल्ली मिळाली. वाट शिक्षकांच्या वर्गणीतून झाली, मुरूम टाकून. एक दिवा लागला. बाकांचा अर्ज आम्ही वॉर्डातल्या नगरसेवकांकडेही दिला आहे, अजून उत्तर नाही.

अम्मींची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली आहे, बंद नाही. मंगळवारी त्या चार वाजल्यापासूनच घड्याळ बघतात. बाक नाही म्हणून घरातली प्लास्टिकची खुर्ची आमच्यापैकी एकीला न्यावी लागते. गेल्या शनिवारी दोन खुर्च्या न्यायला सांगितल्या. दुसरी कुणासाठी विचारले तर म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या घरातली बाई इद्दतमधून उठली आहे, तिला मी बोलावले आहे.